यशकथा लिहिणं थांबवू या

मार्च महिना जवळ आला की आमच्या केंद्रात दोन कामं एकदम अंगावर येतात. एक आठ मार्चचा मेळावा आणि दुसरं वार्षिक अहवाल. मेळाव्याचं काही वाटत नाही. मंडप, माइक, गाणी, चहा हे सगळं आता अंगवळणी पडलंय. अहवालाचं तसं नाही. मदत देणाऱ्या संस्थेकडून जो छापील नमुना येतो त्यात एक रकाना असतो : 'यशकथा – किमान तीन'. मागच्या वर्षी हा रकाना भरायचं काम आमच्यातल्या सगळ्यांत लहान कार्यकर्तीकडे होतं. तिने वर्षभराची रजिस्टरं काढली, चार दिवस खाली मान घालून बसली आणि बैठकीत म्हणाली, "तीन होत नाहीत ताई. खरं सांगायचं तर एकही होत नाही. मला वाटतं आपण जे करतो त्याने काही होत नाही."

खोलीत कुणी काही बोलेना. मग आमच्यातल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, असं बोलू नये. चळवळीत निराशेला जागा नसते." त्यानंतर सगळ्यांनी मिळून रजिस्टर चाळलं. एक बाई सापडली. नवरा मारायचा म्हणून आमच्याकडे चार वेळा आली होती, आम्ही दोन्हीकडच्या माणसांना बोलावून बैठक घेतली होती, ती परत नांदायला गेली होती आणि त्यानंतर सहा महिन्यांत आलेली नव्हती. तिची यशकथा झाली. 'समुपदेशनामुळे तुटलेला संसार पुन्हा जुळला.' ती आली नाही म्हणजे तिला मार बसत नाही, असा अर्थ आपण घेतला. न येण्याचा दुसराही अर्थ असू शकतो हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. मलाही होतं. मी मान डोलावली.

हा लेख मी त्या मान डोलावण्याविरुद्ध लिहिते आहे. ती मुलगी अजून कामाला येते, वेळेवर येते, पण बैठकीत बोलत नाही. तिला आपण काय शिकवलं? निराशा वाटली तर ती घरी ठेवून यायची, चपला बाहेर काढून आत यावं तशी. आणि आत आलं की आशेचं गाणं म्हणायचं. माझं म्हणणं असं की, ही शिकवण खोटी आहे, चळवळीच्या स्वतःच्या इतिहासाला धरून नाही, आणि आपल्याकडे येणाऱ्या बायकांचा तिच्यामुळे प्रत्यक्ष तोटा होतो.

इतिहासाचं आधी पाहू. आपण ज्याला आजच्या स्त्रीमुक्ती चळवळीची सुरुवात म्हणतो ती मथुरा प्रकरणापासून मोजतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात (तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला) या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. बाहेर तिची माणसं उभी होती. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं. १९७६ साली नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती. पोलिस ठाण्यात, रात्री, पोलिसांसमोर एका मजूर मुलीची संमती!

हा निकाल वर्षभर कुणाच्या लक्षातही आला नाही. मग १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र हातोहात फिरलं. १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, तोच पुढे नारी अत्याचार विरोधी मंच झाला. त्या वर्षीच्या आठ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं, अशा खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टाने ते गृहीत धरायचं असं ठरलं, तिचं नाव छापायला बंदी आली.

ही गोष्ट आपण शिबिरांत कशी सांगतो? आधी अंधार, मग पहाट. आधी निराशा, मग पत्र, मग मोर्चा, मग कायदा. मीच अशी कितीतरी वेळा सांगितली आहे. पण ते पत्र कशा मनःस्थितीत लिहिलं गेलं असेल याचा जरा विचार करा. देशातलं सगळ्यांत वरचं न्यायालय निकाल देऊन बसलेलं. त्याच्या वर कुणी नाही. आणि पत्र लिहायचं ते त्याच न्यायालयाला! ज्याच्यावरचा विश्वास पुरता उडाला आहे त्याला माणूस पत्र लिहीत नाही, आणि ज्याच्यावर पुरता विश्वास आहे त्याला असं पत्र लिहावं लागत नाही. निराशा संपली आणि मग आशेने लेखणी हातात घेतली असं झालं नाही. दोघींनी एकाच कागदावर एकाच वेळी लिहिलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८३ चा कायदा मथुरेच्या उपयोगी पडला नाही. तिचे आरोपी सुटले ते सुटलेच. पुढे कोठडीत अत्याचार झालेल्या कितीतरी बायकांना त्या कलमाचा आधार मिळाला असेल, पण ज्या मुलीच्या नावाने आपण तो मिळवला तिला नाही. आणि ज्या तर्काने तिला खोटारडी ठरवलं तो तर्कही लगेच गेला नाही. बाईच्या 'चारित्र्या'वर बोट ठेवून तिची साक्ष पाडायची मुभा पुरावा कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपर्यंत शिल्लक होती. दोन बोटांची ती लाजिरवाणी तपासणी बाईच्या खाजगीपणाचा भंग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, आणि २०२२ साली पुन्हा सांगावं लागलं. म्हणजे पन्नास वर्षं. याला यशकथा म्हणायचं की अपयशकथा? मला विचाराल तर हा प्रश्नच चुकीचा आहे. एकाच फाइलमध्ये दोन्ही कागद आहेत आणि त्यातला कुठलाही काढून टाकला तर फाइल खोटी होते.

भंवरीदेवींचं तेच. राजस्थानातल्या भटेरी गावची ही साथीन. सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमातलं काम करताना १९९२ साली एका तान्ह्या मुलीचं लग्न अडवायला गेली आणि त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली आरोपी सुटले. तिचं प्रकरण धरून विशाखा याचिका झाली, १९९७ साली कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली, २०१३ साली कायदा आला. आज शहरातल्या मोठमोठ्या कचेऱ्यांत त्या कायद्याच्या समित्या असतात, त्यांची वर्षातून एकदा गार हवेच्या सभागृहात प्रशिक्षणं होतात. भंवरीदेवींचं अपील मात्र उच्च न्यायालयात दशकंच्या दशकं पडून राहिलं. ज्या बाईच्या पाठीवर पाय देऊन आपण सगळ्या वर चढलो ती खालीच राहिली हे सांगायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण पहाटेचं गाणं जरा मोठ्याने म्हणतो.

इथे कुणी म्हणेल, हे तर कार्यकर्त्यांना खच्ची करणारं बोलणं झालं. माझा अनुभव उलटा आहे. खच्ची करतं ते खोटं बोलायला लावणं.

माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एक बाई आमच्याकडे आली. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करायचा होता. २००५ चा हा कायदा, २००६ च्या ऑक्टोबरात लागू झाला. तो यावा म्हणून आपण सगळ्यांनी सह्या गोळा केल्या होत्या, त्यामुळे त्याच्याबद्दल फार अभिमान. त्यात लिहिलं आहे की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. बाईने विचारलं, "किती दिवस लागतील?" मी म्हणाले, "कायद्याने साठ दिवस. होईल तुझं काम लवकर." ते साठ दिवस कुठल्या कोर्टात पाळले जातात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिचा चेहरा पाहून मला आशा द्यावीशी वाटली. बाईने त्या जोरावर भावाशी भांडण करून माहेर सोडलं, खोली घेतली. अकराव्या तारखेनंतर तिने अर्ज मागे घेतला. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी भावाशी तोडून आले नसते. दोन वर्षं त्याच्याच ओसरीवर काढली असती." मी तिला काय उत्तर देणार? मी तिला आशा दिली होती. ती आशा माझ्या सोयीची होती, किंमत तिने दिली.

तेव्हापासून माझं असं मत झालं आहे की, आपल्याकडे येणाऱ्या बाईला आशा देणं हे आपलं कामच नाही. आपलं काम तिला माहिती देणं आहे. त्या माहितीतून तिची आशा तिने ठरवायची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली निकाल लागलेल्या बलात्काराच्या खटल्यांपैकी शंभरात सुमारे सत्तावीस खटल्यांत शिक्षा झाली. हा आकडा आपण तक्रार द्यायला आलेल्या मुलीला सांगतो का? सांगितला तर ती घाबरेल, म्हणून सांगत नाही. ती मग कोर्टाच्या आवारात, एकटी असताना, समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकते.

हे लिहिताना मला दुसऱ्या एका बाईची आठवण होते. तिलाही अर्ज करायचा होता. या वेळी मी शहाणी झाले होते. सगळं सांगितलं : कायदा साठ दिवस म्हणतो, आपल्या तालुक्याला दोन-तीन वर्षं धर, पोटगीचा हुकूम झाला तरी वसुलीसाठी पुन्हा अर्ज, नवरा नोटीस घेणार नाही, तारखेला येणार नाही. ती सगळं ऐकून घेत होती. दोन मुलं, कांदा काढणीच्या मजुरीवर जगणारी बाई. ऐकून झाल्यावर म्हणाली, "ते होऊ दे. पण ह्या कागदावर माझं रेशनकार्ड येगळं निघंल का?"

आम्ही एकमेकींकडे पाहायला लागलो. आम्ही तिथे न्याय आणि अन्याय, आशा आणि निराशा यांचा हिशेब मांडत होतो आणि तिला पस्तीस किलोंचा प्रश्न होता. कार्ड सासरचं, ते नवऱ्याच्या ताब्यात. त्यातून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय नवं कार्ड नाही, आणि नवरा कार्ड दाखवायला तयार नाही. न्यायालयावर तिचा कणभर विश्वास नव्हता. तहसील कचेरीवर तर त्याहून नाही. आपलं नाव वेगळ्या कार्डावर येणार याबद्दल मात्र तिला शंका नव्हती. चौदा महिने ती पुरवठा शाखेच्या खिडकीशी उभी राहिली, आमच्यातली कुणीतरी बरोबर असायची, कधी नसायची. कार्ड निघालं. अर्जाचा निकाल त्यानंतरही बरेच दिवस लागला नाही. त्या बाईला कुणी आशावादी म्हटलं असतं तर तिला हसू आलं असतं, आणि निराशावादी म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं की मग रोज कोण जातंय तिकडे.

आपल्याकडे म्हण आहे, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. मला ती नेहमी पुरुषाने केलेली वाटते. सुपातून जात्यात घालणारी बाई जात्याशी बसलेली असते, तिला एका हाताने दोन्ही करावं लागतं. ओव्यांचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. सासरचा जाच आणि लेकराला आशीर्वाद बाई एका बैठकीत, एका सुरात गात होती. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं तिला वाटत नव्हतं.

शिबिरांमधून डाव्या मित्रांनी आपल्याला एक सूत्र शिकवलं होतं. ग्राम्शीच्या नावाने ते सांगितलं जातं, मुळात ते रोमाँ रोलाँचं. बुद्धीच्या वाट्याला निराशा द्यावी आणि इच्छाशक्तीच्या वाट्याला आशा. मुसोलिनीच्या तुरुंगात खितपत पडलेल्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण या वाटणीवर माझा विश्वास राहिलेला नाही. ती ऐकायला छान वाटते आणि घराच्या वाटणीसारखी फसवी आहे. बुद्धीने पाहिलं की सगळं काळंच दिसणार, आणि आशा म्हणजे डोळे मिटून लावलेला जोर, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. रेशनकार्डवाल्या बाईची आशा हा तिच्या बुद्धीचा भाग होता. कुठल्या खिडकीवर कधी साहेब असतो, कुणाचा शेजारी कुणाचा मेहुणा आहे, हे तिने हेरलं होतं. उलट निराशेत बुद्धी कमी आणि सोय जास्त, असंही मी पुष्कळदा पाहिलं आहे.

त्या सोयीबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर माझा हा लेख एकतर्फी होईल. चळवळीत तीस-चाळीस वर्षं काढलेल्या माझ्या पिढीत एक नवी भाषा रुजली आहे : काहीच बदललं नाही. मथुरेपासून कोलकात्याच्या २०२४ च्या त्या डॉक्टर मुलीपर्यंत तेच. हुंडा तेच, मारहाण तेच, कोर्ट तेच. व्याख्यानात हे वाक्य टाकलं की सभागृह गंभीर होतं आणि बोलणारी खोल विचारांची वाटते. हे वाक्य खोटं आहे. १९८३ च्या आधी नवऱ्याने केलेला छळ हा गुन्हा म्हणून कायद्याला माहीतच नव्हता. २००५ च्या आधी मार खाणाऱ्या बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क मागायला असं सरळ कलम नव्हतं. 'काही बदललं नाही' म्हणणारी बाई बहुधा अशी असते जिला स्वतःला उद्या पुरवठा शाखेत उभं राहायचं नसतं. निराशा खरी असेल तर ती दुखते. जी दुखत नाही, जी सभेत शोभून दिसते, ती आळसाची सख्खी बहीण.

आणि जे मिळालं ते टिकेलच या भरवशावर झोपणाऱ्या आशेचंही तेच. चारशे अठ्ठ्याण्णव-अ चं पाहा. २०१७ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे जाईल. आपण सगळ्या हादरलो, ओरडलो, आणि २०१८ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाने त्या समित्या काढून टाकल्या. आपण सुटकेचा श्वास सोडला. जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची तशाच समित्यांची आणि दोन महिने थांबण्याची तत्त्वं सर्वोच्च न्यायालयानेच उचलून धरली. मधल्या काळात कलमाचा नंबरसुद्धा बदलला, न्याय संहितेत ते पंच्याऐंशी झालं. जिंकलेली जागा पुन्हा पुन्हा राखावी लागते. जी निराशा बाळगते तीच राखणीला जागी असते.

बाबासाहेबांचा राजीनामा आठवा. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, ते बिल बाजूला टाकलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपद सोडलं. तो राजीनामा निराशेचा होता, त्यांनी तो लपवला नाही, त्याला हसरं तोंड दिलं नाही, कारणांसकट जाहीर केला. पुढे १९५५-५६ साली त्या बिलाचे तुकडे कायदे होऊन आले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ साल उजाडलं आणि देशभर २००५. बाबासाहेबांनी तेव्हा 'सकारात्मक' राहून खुर्ची धरून ठेवली असती तर आपण आज त्यांचं नाव त्याच आदराने घेतलं असतं का? आणि आज? मुलीचं नाव सातबाऱ्यावर लागतं आणि रक्षाबंधनाच्या आसपास भावासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिचीच सही होते. सही करणाऱ्या बायकांना मी मूर्ख म्हणणार नाही. भाऊ तुटला तर नवऱ्याने हाकललेल्या दिवशी जायचं कुठे, हा हिशेब त्यांनी केलेला असतो. पण पूर्वी हक्कच नव्हता म्हणून सोडपत्रही नव्हतं. आता निदान सही मागायला भावाला यावं लागतं. एका मुलीने गेल्या वर्षी सही केली नाही. तिच्या घरी काय झालं ते मी इथे लिहीत नाही, कारण ते अजून संपलेलं नाही.

ताराबाई शिंद्यांकडे आपण कसं पाहतो तेही एकदा तपासायला हवं. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापली गेली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली, ती अपिलात काळ्या पाण्यावर आली, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जो चिखल उडाला त्याला बुलढाण्याच्या या बाईने दिलेलं हे उत्तर. पुस्तकावर टीका झाली, जोतीरावांनी 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली, आणि मग शांतता. तिचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत नव्वद वर्षांहून जास्त काळ गेला. आपल्या व्याख्यानांत ताराबाई म्हणजे आद्य बंडखोर, मशाल. पण पुस्तक उघडून वाचणारीला दिसतं की ती चिडलेली आहे, थकलेली आहे, पुरुष ऐकणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी पानांमागून पानं ती त्यांनाच 'तुम्ही, तुम्ही' म्हणून विचारत राहते. तिला पुढची नव्वद वर्षं दिसली असती तर तिने लिहिलं असतं का, मला सांगता येत नाही. तिला मशाल करून टाकलं की तिच्या थकव्याबद्दल आपल्याला काही करावं लागत नाही. तसंच आपल्या त्या तरुण कार्यकर्तीच्या थकव्याबद्दलही.

तेव्हा मला स्पष्ट मागणी करायची आहे, माझ्या संघटनेकडे आणि हे वाचणाऱ्या सगळ्या गटांकडे. 'यशकथा' हा रकाना आपण भरू नये. मदत देणारे विचारतील, तर त्यांना सांगावं की आम्ही प्रकरणं लिहून पाठवू, हरलेली आणि अडकलेलीही, तुम्हाला त्यातून काय शिकायचं ते शिका. पैसे जातील ही भीती मला कळते. तीन कार्यकर्त्यांचं मानधन त्यावर चालतं, त्यातलं एक माझं आहे. पण रजिस्टरातली जी बाई परत येत नाही तिला यशात धरायची सवय लागली की तिची चौकशी करायची सवय सुटते, आणि मग एक दिवस तिचं नाव आपल्याला वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. आणि बैठकीत जिला निराश वाटतं तिला बोलू द्यावं. तिच्या पाठीवर हात ठेवून तिला गप्प करू नये. तिने काय पाहिलं ते तिला विचारावं.

बिल्किस बानूंचे अकरा गुन्हेगार १५ ऑगस्ट २०२२ ला सुटले आणि त्यांचे हारतुरे झाले, त्या आठवड्यात आमच्या केंद्रात कुणाचंही कामात लक्ष नव्हतं. त्यांना शिक्षा २००८ साली आपल्याच मुंबईच्या न्यायालयाने दिली होती, म्हणून जास्त लागलं असेल. एकजण म्हणाली, "आता कशाला सही करायची, कागद वाया." आणि बोलता बोलता तिने सही केली. पुढे ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि त्याच महिन्यात ते अकराजण पुन्हा तुरुंगात गेले. आमच्या सह्यांमुळे झालं असं मी म्हणत नाही, याचिका करणाऱ्या बायका वेगळ्या होत्या. पण तिने केलेली ती सही 'आशावादी' सही नव्हती. तिला जे वाटत होतं ते तोंडाने बोलू दिलं, म्हणून हात मोकळा झाला, एवढं मी पाहिलं.

यंदाच्या अहवालाच्या आधी मी त्या तरुण कार्यकर्तीला म्हणाले, चल, आपण त्या 'यशकथे'च्या गावाला जाऊन येऊ. एस. टी.ने गेलो. घरी सासू होती, म्हणाली शेतात आहे. शेत विचारत गेलो. ती बांधावर गवत कापत होती. आम्हाला पाहून उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, आधी घराच्या दिशेला पाहिलं. "बरं आहे," म्हणाली. दुसरं काही विचारलं तर तेच, "बरं आहे." पाणी विचारलं. आम्ही निघालो तेव्हा दहा पावलं मागे आली आणि हळूच विचारलं, "तुमचं केंद्र अजून मंगळवारीच असतं ना?"

आम्ही हो म्हणालो. परतीच्या गाडीत त्या मुलीने रजिस्टर काढलं आणि तिच्या नावापुढे मागच्या वर्षी मारलेली लाल फुली खोडली.